सातवा आरोपी

चंद्रपूरच्या एका दैनिकात मी चौदा वर्षं दर मंगळवारी लिहीत होतो. सदराचं नाव ‘निकालानंतर’. कुठल्या तरी कोर्टाचा गाजलेला निकाल असायचा, सरकारचा नवा कायदा असायचा, एखाद्या मंत्र्याची बेताल बडबड असायची. त्यावर मी माझं मत ठोकून द्यायचो. मी फौजदारी वकील. पण वामनराव वकील म्हटलं की लोकांना माझे खटले आठवायचे नाहीत, सदर आठवायचं. बिनधास्त लिहितो अशी माझी ख्याती होती, आणि ती मला आवडायची.

दीड-दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये एक निकाल लागला. गाव वैनगंगेच्या काठचं, सावली तालुक्यातलं. लेखात मी गावाचं नाव लिहिलं होतं. आता लिहीत नाही.

तिथं वारलू नावाचा साठीचा ढिवर राहायचा. गावच्या मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावात, आणि नदीत मासे धरायचा, आणि कोणाला कावीळ झाली की जडीबुटी द्यायचा. धनराज नावाच्या शेतकऱ्याचा चार वर्षांचा मुलगा तापानं गेला आणि वारलूनंच करणी केली असं गावात उठलं. एका दुपारी सहा जणांनी वारलूला समाजमंदिरासमोरच्या खांबाला बांधून मारलं. तिसऱ्या दिवशी तो गडचिरोलीच्या दवाखान्यात मेला. डोळ्यांनी पाहणारं अर्धं गाव होतं. जबाब दिला तो फक्त त्याच्या बायकोनं, गुणाबाईनं. मॅजिस्ट्रेटपुढे, शपथेवर, सहाही नावं घेऊन. तीन वर्षांनी खटला उभा राहिला तेव्हा हीच गुणाबाई साक्षीच्या पिंजऱ्यात म्हणाली, मी त्या वेळी मासे विकायला सावलीच्या बाजारात गेली होती, मला काहीच दिसलं नाही. सरकारी वकिलांनी तिला फितूर जाहीर केलं. सहाही जण सुटले.

निकालाची प्रत मी कोर्टाच्या वेबसाइटवरून उतरवून घेतली. बावन्न पानं. सोमवारी जेवण झाल्यावर वाचायला घेतली आणि चार वाजता लेख पाठवून मोकळा झालो. त्यातलं एक वाक्य लिहिताना मी स्वतःवरच खूश झालो होतो: ‘या खटल्यात आरोपी सहा नव्हते, सात होते; नवऱ्याच्या मारेकऱ्यांना ओळखायला नकार देणारी ही बाई सातवी आरोपी आहे.’ पुढं मी मागणी केली होती की फितूर साक्षीदारांवर खोट्या साक्षीचे खटले भरा, तरच न्यायदानाच्या मुळावरचा घाव थांबेल. आणि शेवटी, सरकारनं अपिलात गेलंच पाहिजे.

त्या मंगळवारी दिवसभर फोन वाजत होता. नागपूरच्या एका निवृत्त न्यायाधीशांनी अभिनंदन केलं. लेखाचा फोटो इतक्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला की संध्याकाळी तो माझ्या साळ्यानं मलाच पाठवला. पुढच्या सोमवारी मी वाळूच्या लिलावावरच्या एका निकालाबद्दल लिहायला बसलो आणि हा विषय डोक्यातून गेला.

ऑगस्टमध्ये एक म्हातारी बाई माझ्या ऑफिसात आली. हिरवं लुगडं, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. बरोबर वीस-एकवीस वर्षांची नात होती, रंजीता नावाची. गडचिरोलीत नर्सिंगचा कोर्स करत होती. बाईंनी मला हात जोडले, खुर्चीवर बसायला नको म्हणाल्या, मग बसल्या. सावलीच्या कोर्टाबाहेरच्या टायपिस्टनं त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं. त्यानं सांगितलं होतं की हा वकील पेपरात लिहितो, याच्या शब्दाला कोर्टात वजन आहे.

मी कागदांतली कोर्टाची नोटीस उघडली. मॅजिस्ट्रेटपुढचा शपथेवरचा जबाब आणि कोर्टातली शपथेवरची साक्ष एकमेकांच्या उलट आहेत, तेव्हा खोटी साक्ष दिल्याबद्दल तुमच्यावर कारवाई का करू नये? खाली नाव होतं गुणाबाईचं. सरकारी वकिलांच्या अर्जाची नक्कल सोबत होती. तिच्या चौथ्या परिच्छेदात ‘न्यायदानाच्या मुळावर घाव’ हे शब्द होते. मी ते दोनदा वाचले. सोबतच्या कागदांत माझ्या लेखाची झेरॉक्सही होती.

 पक्षकाराला पहिला प्रश्न विचारायचा असतो तो विचारला, की बाई, खरं काय घडलं?

त्या सांगत गेल्या. त्या बाजारात गेल्याच नव्हत्या. दोन बायकांनी त्यांचे हात धरून ठेवले होते आणि वारलूला मारताना त्यांना सगळं पाहावं लागलं होतं. ताप आलेल्या पोराला घेऊन धनराज आला तेव्हा वारलू त्याला म्हणाला होता, हे माझ्या हातचं नाही, याला दवाखान्यात ने. पोरगा गेल्यावर हेच बोलणं वारलूवर उलटलं. यानंच केलं म्हणून याला माहीत होतं, असं गाव म्हणू लागलं.

वारलू गेल्यावर तीन वर्षं त्यांच्या घरी कोणी पाणी प्यायलं नाही. मुलगा हेमराज तलावावर गेला की बाकीचे जाळी आवरून घ्यायचे. रंजीताला दोन सोयरिकी आल्या आणि दोन्ही नदीच्या पलीकडूनच परत गेल्या. ती सुट्टीत घरी आली की हापशीवरच्या बाया लेकरांना पदराखाली घ्यायच्या. ती शिकत होती लेकरांना सुया टोचायचं काम.

साक्षीच्या पंधरा दिवस आधी धनराज आणि गावातली दोन म्हातारी माणसं त्यांच्या घरी आली. धनराज ओट्यावर बसला आणि त्यानं पाणी मागितलं. गुणाबाईंनी तांब्या दिला. तो म्हणाला, तू साक्ष देऊ नको. आम्ही सुटलो की येत्या मंडईत सगळ्या गावासमोर माइकवर सांगू, की वारलूकाका निर्दोष होता, चूक आमची झाली. मंडई म्हणजे दिवाळीनंतरचा आमच्या झाडीपट्टीतला गावोगावचा सण. लेकी, जावई, पाहुणे, सगळे त्या दिवशी गावात असतात. तिथं बोललेलं पंधरा गावांत पोचतं.

“त्यायले जेल झाली असती, भाऊ,” गुणाबाई म्हणाल्या, “तरी गाव म्हनलं असतं का जादूगाराच्या पायी सहा घरं बुडाली. कोर्टानं त्यायले सजा देली असती. माह्या मानसाचं नाव साफ करून देलं असतं का?”

मी म्हणालो, नाही. कोर्ट ते करत नाही.

“म्हनून मी खोटं बोलली.”

मग त्यांनी सांगितलं की निकालानंतर आठ दिवस सगळं ठीक होतं. शेजारीण विस्तव मागायला आली होती. त्यानंतर काय झालं त्यांना कळलं नाही, पण गाव फिरलं. कोणी पेपरात काही छापलं म्हणतात, आणि गावाला वाटतं गुणाबाईनंच ते सांगितलं.

 इतका वेळ रंजीता माझ्याकडे बघत होती. आता तिनं पिशवीतून वर्तमानपत्राचं एक कात्रण काढून टेबलावर ठेवलं. लेखाच्या वर माझा फोटो होता.

“हे तुमीच लिवलं ना?”

“हो.”

गुणाबाईंनी फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना वाचता येत नव्हतं. त्या म्हणाल्या, वाचून दाखवा. मी रंजीताकडे कात्रण सरकवलं तर तिनं हात लावला नाही. म्हणून मीच वाचलं. चौदा वर्षांत माझा लेख मी कोणाला मोठ्यानं वाचून दाखवला नव्हता. ‘सातवी आरोपी’ला आल्यावरही पुढं वाचत गेलो, कारण मधेच थांबणं जास्त वाईट दिसलं असतं. गुणाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं:

“मले इचारलं काऊन नाई, भाऊ? सावलीपासून आमचं गाव दूर नाई.”

मी सांगितलं, मी निकालाची प्रत वाचून लिहिलं. माणसांना भेटायची पद्धत नसते. त्यांना ते समजलं की नाही, मला कळलं नाही. रंजीता म्हणाली, चल आजी, दुसरा वकील पाहू. गुणाबाई उठल्या नाहीत. त्या म्हणाल्या, यायनं लिवलं म्हनून नोटीस आली, तर यायलेच मालूम असन ते कशी जाते.

मी वकीलपत्र लिहून घेतलं. त्यांनी अंगठा दिला.

खटल्याची अडचण सरळ होती. मॅजिस्ट्रेटपुढचं खरं म्हणावं तर कोर्टातलं खोटं ठरत होतं, आणि कोर्टातलं खरं म्हणावं तर आधीचं. दोनपैकी एक शपथ खोटी होती. मी त्यांना सांगितलं की तुम्ही काही बोलायचं नाही, जे बोलायचं ते मी बोलेन. कोणी विचारलं तर आठवत नाही म्हणायचं.

“कोर्टात खरं सांगाले बलावते ना?” त्या म्हणाल्या. “मंग आता खरं सांगून टाकू का? मी पाहलं म्हनून?”

खरं सांगितलं असतं तर त्या स्वतः अडकल्या असत्या आणि धनराजनं दिलेला शब्दही गेला असता. मी म्हणालो, नाही, आता खरं सांगू नका. हे वाक्य मी बोललो तेव्हा रंजीता खिडकीतून बाहेर बघत होती.

ऑक्टोबरात सुनावणी झाली. मी पाऊण तास बोललो. एकट्या म्हातारीला गावासमोर उभं केलं आणि तिच्या घराला तीन वर्षांत एकदाही कोणी संरक्षण दिलं नाही. ती रोज ज्यांच्या दारावरून पाण्याला जाते त्यांच्याच विरुद्ध तिनं बोलावं अशी अपेक्षा आपण केली. फितुरीचा दोष तिच्या पदरात टाकण्याआधी आपण सगळ्यांनी आपल्याकडे पाहावं. न्यायाधीश लक्ष देऊन ऐकत होते. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की हे सगळं मला एप्रिलमध्येही माहीत असायला हवं होतं. बावन्न पानांत याच्या खुणा होत्या. न्यायाधीशांनी गुणाबाईंना विचारलं, तुम्हाला काही सांगायचं आहे का? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. त्या म्हणाल्या, नाई साहेब.

कारवाई करणं न्यायाच्या हिताचं नाही, असं म्हणून कोर्टानं अर्ज फेटाळला. बाहेर आल्यावर मी त्यांना समजावून सांगितलं की आता तुम्हाला कोणी काही करू शकत नाही. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, “मंग मंडईत बोलतीन का ते?”

त्या रविवारी मी त्यांच्या गावाला गेलो. मोटारसायकल गावाच्या अलीकडे एका ओळखीच्या घरी लावली आणि धनराजचं घर विचारत गेलो. तो अंगणात धानाच्या पेंढ्या बांधत होता. चाळिशीचा, वाळलेला माणूस. मी नाव सांगितल्यावर त्यानं हातातलं काम थांबवलं नाही. मी सांगितलं की गुणाबाई मला लेख लिहिण्याआधी कधीच भेटल्या नव्हत्या, त्यांनी पेपराला काही सांगितलं नाही, मी निकाल वाचून मनानं लिहिलं.

“मनानं?” तो म्हणाला.

“हो.”

त्यानं पेंढी बांधून बाजूला ठेवली आणि माझ्यासाठी बाज ओढली. त्याची बायको पाणी घेऊन आली. भिंतीवर एका लहान पोराचा फोटो होता, लाल टोपी घातलेला. माझी नजर तिथं गेलेली पाहून धनराज फोटोकडे पाठ करून बसला.

तो म्हणाला की आपण शब्द दिला होता आणि पाळणार होतो. भाषण कसं करायचं तेसुद्धा सहा जणांनी ठरवलं होतं. मग पेपर आला. सरकार अपिलात जाणार अशी बातमी आली. त्यांच्या वकिलानं ताकीद दिली की तोंडातून एक शब्द काढाल तर तोच पुरावा होईल. “वारलूकाका निर्दोष होता म्हनलं, म्हनजे आमी मारलं म्हनल्यासारखं होते. तुमीच तर वकील हाव. सांगा, बोलू का मी माइकवर?”

मी वकील म्हणून विचार केला. माझ्या पक्षकाराला मीही बोलू दिलं नसतं.

“तो साधा मानूस होता,” धनराज म्हणाला, अगदी हळू. “दवाखान्यात ने म्हनला होता मले. मी खळ्यावर धानाच्या चुरण्यात होतो. दोन दिवस नेलं नाई.”

मी म्हणालो, हे एवढंच गुणाबाईंना जाऊन सांगा. माइक नको, गाव नको. त्यांच्या घरी जाऊन सांगा.

 “तुमी पेपरात टाकान,” तो म्हणाला.

नाही टाकणार, असं मी दोन-तीनदा सांगितलं. त्यानं पुन्हा पेंढ्या बांधायला घेतल्या.

मंडई नोव्हेंबरच्या मधल्या आठवड्यात होती. मी गेलो. जावं की जाऊ नये ते शेवटपर्यंत ठरत नव्हतं, पण गुणाबाईंनी निरोप पाठवला होता. शाळेच्या पटांगणात मांडव होता. खेळण्यांची, जिलबीची दुकानं लागली होती, आणि संध्याकाळच्या नाटकाचा पडदा बांधणं चाललं होतं. दुपारी गावाची सभा झाली. गुणाबाई नवं लुगडं नेसून पुढच्या सतरंजीवर बसल्या होत्या. एका बाजूला हेमराज, दुसऱ्या बाजूला रंजीता. त्यांच्या भोवती दोन-दोन हात जागा मोकळी होती. बाकी मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती.

सरपंच बोलले, शाळेच्या मास्तरांचा सत्कार झाला. मग गेल्या चार-पाच वर्षांत वारलेल्या गावकऱ्यांना श्रद्धांजली म्हणून एका तरुणानं कागदावरची नावं वाचली. सगळे उभे राहिले. गुणाबाईही उभ्या राहिल्या. प्रत्येक नावाला त्यांची मान थोडी पुढं यायची. धनराजच्या पोराचं नाव आलं. दोन म्हाताऱ्यांची नावं आली, वीज पडून गेलेल्या एका बाईचं आलं. वारलूचं आलं नाही. धनराज मंचाच्या कडेला होता. तो पूर्ण वेळ पायाकडे बघत उभा होता. एकदा त्यानं माइकच्या दिशेनं पाऊल टाकलं असं मला वाटलं, पण तो शेजारच्या म्हाताऱ्याला हात देत होता.

नाटकाच्या तिकिटांची घोषणा झाली आणि लोक पांगले. गुणाबाई परत खाली बसल्या. मी त्यांच्याजवळ गेलो. पोरं सतरंज्या गुंडाळत आमच्यापर्यंत आली तरी त्या बसूनच होत्या. हेमराज म्हणाला, आई, चाल. त्या उठल्या आणि मला म्हणाल्या, “तुमी जेवले का, भाऊ?”

त्या हिवाळ्यात मच्छीमार सोसायटीनं तलावाच्या वाटपात हेमराजचं नाव घेतलं नाही. डिसेंबरात त्यानं डोंगा आणि जाळी एका सोयऱ्याला देऊन टाकली आणि सगळ्यांना घेऊन भद्रावतीला गेला. तिथं कोळसा खाणीवर कंत्राटदाराकडे त्याला काम मिळालं. रंजीता पास झाली आणि तिथल्याच एका खासगी दवाखान्यात लागली. अपिलाची पहिली तारीखसुद्धा अजून लागलेली नाही.

मी एक लेख लिहिला होता. त्यात माझी चूक कबूल केली होती, वारलू कोण होता ते लिहिलं होतं. छापायला देण्याआधी भद्रावतीला जाऊन गुणाबाईंना वाचून दाखवला. त्यांनी या वेळीही शेवटपर्यंत ऐकला. म्हणाल्या, चांगलं लिवलं. मग म्हणाल्या, छापू नका. इथल्या लोकांना आम्ही कोण ते माहीत नाही, पोरीचं लग्न व्हायचं आहे, पेपर इथंही येतो.

लेख माझ्याकडेच आहे. संपादकांना मी कळवलं की यापुढं मला जमणार नाही. त्यांनी कारण विचारलं, मी तब्येतीचं सांगितलं. सदर आता एक तरुण वकील लिहितो. बरं लिहितो.

भद्रावतीला मी अजून अधूनमधून जातो. मार्चमध्ये गेलो तेव्हा घरमालकीण सरिताबाई वाटीभर वडीचा रस्सा घेऊन आल्या आणि बोलत बसल्या. गोष्टीतून गोष्ट निघाली आणि त्यांनी गुणाबाईंना विचारलं, तुमचे मालक कशानं वारले?

“नदीत बुडाले,” गुणाबाई म्हणाल्या. “डोंगा उलटला.”

सरिताबाई हळहळल्या. वैनगंगेला माणसं जातातच, त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. “तुमी तर तिकडची कोर्टाची कामं पाहता, वकीलसाहेब. तुमाले मालूमच असन.”

रंजीता दवाखान्यात जायला निघाली होती. दारात चप्पल घालता घालता ती थांबली. गुणाबाई माझा कप उचलत होत्या.

“हो,” मी म्हणालो. “मासेमारीला गेले होते. डोंगा उलटला.”

गुणाबाईंनी कप विसळला आणि मला विचारलं, आणखी अर्धा कप घेता का. मी घेतला. रंजीता गेली.